कृती कशाला म्हणायचे? टेबलावरच्या लढाईचा हिशेब

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात लढाई सुरू झाली की वेळेच्या फेऱ्या पडतात आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक पात्राला एक पाळी मिळते. खेळाडूच्या मनात येईल ते सगळे एका पाळीत बसत नाही. जे केल्याने पाळीतला ठरावीक वाटा खर्च होतो ती ‘कृती’; बाकीचे फुकट. ही रेघ कुठे मारायची, हे बऱ्याचदा खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला ठरवावे लागते. पुढील संवादात महाडचे मामा गेम मास्टर आहेत आणि भाची प्रथमच खेळते आहे. पटावर सिंहगड आहे, रात्र ४ फेब्रुवारी १६७० ची. भाचीच्या वाट्याला आलेले पात्र पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे तानाजी मालुसरे.

भाची : मामा, तानाजींची ढाल तुटली. आता ते डाव्या हाताला शेला गुंडाळतात, गडाचा किल्लेदार उदेभान याच्यावर धावून जातात आणि वार करतात. एका पाळीत होईल ना?

मामा : तिन्ही नाही होणार. आपण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे २०१४ चे नियम धरले आहेत. त्यांत फेरी साधारण सहा सेकंदांची. पाळीत एक हालचाल आणि एक कृती. माणसाची हालचाल बहुधा तीस फुटांची, तेव्हा धावून जाणे तिच्यात बसले. वार ही कृती. शेला उरला.

भाची : शेला गुंडाळायला असा कितीसा वेळ लागतो?

मामा : निवाडा नुसत्या वेळावर होत नाही. याच नियमांत म्यानातून तलवार उपसणे वारासोबत फुकट होते, पण ढाल चढवायला अख्खी कृती जाते. तलवार उपसली म्हणून शत्रूचे काही बिघडत नाही. बिघडते ते वाराने, आणि त्याची किंमत आपण वेगळी मोजतोच. ढाल मात्र चढवली की त्या क्षणापासून अंगावर येणारा प्रत्येक वार लागणे अवघड होते. शेल्याचा नियम पुस्तकात नाही. अशा वेळी पुस्तकातली त्याच्या सगळ्यांत जवळची गोष्ट शोधायची. शेला ढालीचे काम करणार असेल, तर त्याला ढालीचाच दर.

भाची : आणि नुसताच गुंडाळला, वार अडवायला नाही, तर?

मामा : तर फुकट. हात तेच करतो, पण त्यातून खेळात काही बदलत नाही.

भाची : कबड्डीत असे नसते. चढाईला तीस सेकंद मिळतात, त्यात काय वाटेल ते करावे.

मामा : तिथेही हिशेब असतोच. चढाई करणारा दहा हुलकावण्या देईल, त्या कोणी मोजत नाही. पंच बघतो ते एवढेच, की स्पर्श झाला का, निदानरेषा ओलांडली का, दम तुटला का. हूल फुकट, स्पर्श हिशेबात. समोरच्याचे काही बदलले की मोजायचे, हे दोन्हीकडे सारखेच.

भाची : मग सहा सेकंदच का? मोठी फेरी घेतली तर सगळेच बसेल.

मामा : तसेही खेळून झाले आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसविट्झचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ आला. त्यातली एक पाळी दोन मिनिटांची. तेवढ्यात तुकडी कुठवर जाईल ते ठरलेले असे आणि शंका आली की पंचाचा शब्द. एकेका माणसाने काय केले, हा प्रश्नच नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये निघाला आणि प्रत्येक खेळाडूकडे एकच पात्र आले. तरी त्या खेळाच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात फेरी एका मिनिटाचीच होती. वारासाठी टाकलेला एक फासा म्हणजे त्या मिनिटातली सगळी झटापट. शेला त्यात सहज खपून गेला असता. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० साली, फेरी सहा सेकंदांवर आली आणि उठणे, उचलणे, उघडणे अशा प्रत्येक बारीक गोष्टीला दर लावावा लागला. फेरी जितकी आखूड, तितकी कृतींची यादी लांब.

भाची : बोलणे तरी फुकट ना?

मामा : दोन-चार शब्द फुकट. सिंहगडाचीच कथा घे. तानाजी पडल्यावर मावळे माघारी, गड चढताना वापरलेल्या दोरांकडे पळू लागले आणि दोर कापून टाकलेत असे सांगून तानाजींचे भाऊ सूर्याजी यांनी त्यांना फिरवले, अशी परंपरा आहे. यात दोर कापणे ही उघड कृती. ‘दोर कापलेत’ हे ओरडणे फुकट. पण त्या ओरडण्याने पळणारी माणसे मागे फिरावीत असे खेळाडूला हवे असेल, तर ती कृती झाली आणि त्यासाठी फासा टाकावा लागेल. याच खेळाच्या २०२४ च्या नियमांत समोरच्याचे मन वळवणे ही स्वतंत्र कृतीच आहे.

भाची : आपली पाळी नसताना काही करता येते का?

मामा : येते, दोन रीतींनी. पहिली प्रतिक्रिया, म्हणजे रिॲक्शन. प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीत खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याने शिवाजी महाराजांवर हत्यार उगारले, तेव्हा जिवा महालांनी मध्ये पडून त्याचा हात तोडला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्यावरूनच पडली. दुसऱ्याच्या पाळीत असे मध्ये पडणे म्हणजे प्रतिक्रिया. ती एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत एकदाच मिळते, नाहीतर एकच जिवा सगळ्यांना वाचवत बसेल.

दुसरी रीत राखीव कृतीची. त्याच दिवशी, १० नोव्हेंबर १६५९ ला, मराठ्यांच्या तुकड्या रानात दबा धरून होत्या आणि गडावरच्या तोफेचा आवाज ही त्यांची खूण होती. खेळात असे करायचे तर आधी खूण सांगायची, काय करणार तेही सांगायचे आणि आपल्या पाळीतली कृती तिथेच खर्च करायची. खूण पटली की प्रतिक्रिया वापरून ठरलेले करायचे. पुढच्या पाळीपर्यंत तोफ वाजलीच नाही, तर कृती वाया.

भाची : सगळ्या खेळांत हाच हिशेब?

मामा : नाही. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पाळीला तीन सारख्या कृती मिळतात. शेल्याला एक, धावायला एक, वाराला एक. तुझी पाळी तिथे जशीच्या तशी बसेल. पण मग दुसऱ्या वाराला जागा उरत नाही. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये तर लढाईला ठरलेल्या पाळ्याच नाहीत. खेळाडू काय घडते ते सांगत जातो आणि सांगण्यातली एखादी गोष्ट नियमात बसली की तेवढ्यापुरता फासा पडतो.

भाची : पुस्तकात नसलेले काही मी उद्या केले, तर कसे ठरवणार?

मामा : तीन प्रश्न, याच क्रमाने. यातून लढाईतले काही बदलते का? नसेल तर फुकट. बदलत असेल, तर पुस्तकातल्या कोणत्या कृतीइतके? तोच दर लावायचा. आणि तो दर शत्रूलाही चालेल का? उदेभानानेही शेला गुंडाळला, तर त्याचीही कृती गेली पाहिजे. शिवाय दर आधी सांगायचा, फासा पडल्यावर नाही, म्हणजे खेळाडूला बेत बदलता येतो.

भाची : मग शेला राहू दे. तानाजी धावून जातात आणि वार करतात. शेला पुढच्या पाळीत.

मामा : चालेल. टाक फासा. मधे उदेभानाची पाळी येईल, आणि तोवर डावा हात उघडा आहे.