झोपेसाठी सुई, दाब आणि मालिश : करून पाहा, पण मोजून

शिबिरात बीपी मोजून झाले की बाया उठता उठता हळूच सांगतात, ‘सिस्टर, झोप लागत नाही हो.’ पाठोपाठ विचारतात, ‘ॲक्युपंक्चर करू का? शेजारणीला गुण आला म्हणे.’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोज कामावर जाणारी बाई त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवते आणि वर फीचे पैसे भरते. म्हणून या वेळी सुई, दाब आणि मालिश या तिन्हींबद्दल जे खात्रीने सांगता येते ते मांडतो.

आधी कारण शोधा

एखादी रात्र जागून काढली म्हणजे निद्रानाश नव्हे. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने किंवा जास्त चालले आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होऊ लागला, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. मोठ्या माणसाला रोज साधारण सात तास झोप लागते.

झोप सहसा एकटी जात नाही. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. राज्यघटनेच्या मसुद्याच्या त्या काळात त्यांना झोप लागत नव्हती. मधुमेह होता, पायांच्या नसा दुखत होत्या, इन्सुलिन चालू होते. उपचारासाठी ते मुंबईला आले तेव्हा डॉ. शारदा कबीर यांच्याशी भेट झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला आणि त्या आपल्या माईसाहेब झाल्या. दुखणे पायात आणि साखरेत असेल, तर एकट्या झोपेवर उपचार करून भागत नाही.

म्हणून आम्ही आधी हे विचारतो. रात्री लघवीला किती वेळा उठता? वारंवार उठत असाल तर शुगर तपासा. पडल्यावर पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही? हिमोग्लोबिन आणि लोह तपासा. मोठ्याने घोरता, झोपेत श्वास अडकतो, सकाळी डोके जड असते? डॉक्टरांना दाखवा, हा वेगळा आजार आहे. पाळी जाण्याचे वय आहे, अंगातून वाफा येतात? तेही डॉक्टरांना सांगा. झोपण्याआधी मिश्री लावता? तंबाखूतले निकोटिन झोप उडवते. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्री उघडतो.

शेवटचा प्रश्न आम्ही बाजूला घेऊन विचारतो : घरात मारहाण आहे का, कर्जाचा तगादा आहे का? रात्री दाराकडे कान लावून पडणाऱ्या बाईला कुठलीही सुई झोपवणार नाही. तिच्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे. मन सतत उदास असेल, जगणे नको वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे.

सुई काय करते?

ॲक्युपंक्चर ही चीनमधली जुनी पद्धत. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे.

झोपेवर तिचा उपयोग किती? कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास गोळा करून तपासते. २०१२ साली तिने निद्रानाशावरचे ३३ अभ्यास तपासले, त्यांत २,२९३ रुग्ण होते. बऱ्याच अभ्यासांत फायदा दिसला. पण अभ्यासांची रचनाच कच्ची होती, त्यामुळे उपचाराच्या बाजूने किंवा विरोधात ठाम सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

रचना कच्ची म्हणजे काय? चांगल्या अभ्यासात काही रुग्णांना खरी सुई टोचतात आणि काहींना खोटी. खोट्या सुईचे टोक बोथट असते, ते कातडीत न शिरता मुठीत मागे सरकते. कोणाला कोणती सुई मिळाली हे रुग्णाला कळत नाही. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला, तर तो टोचण्यामुळे पडला असे म्हणता येत नाही. शेजारणीला गुण आला हे खरेच असेल. पण तो सुईने आला, की अर्धा तास स्वस्थ पडल्याने, हे एकीच्या अनुभवावरून ठरत नाही.

करून पाहायचे असेल तर तीन गोष्टींवर अडून बसा. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढायला सांगा, ती एकदाच वापरून टाकली गेली पाहिजे. वापरलेल्या सुईने कावीळ ‘ब’ होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. छातीवर खोल सुई गेली तर क्वचित फुप्फुसाला इजा होते. टोचल्यावर दम लागला तर थेट दवाखाना गाठा.

दाब आणि मालिश

ॲक्युप्रेशरमध्ये सुई नसते, धोका कमी आणि खर्च शून्य. तळहात वर करा. मनगटाच्या आडव्या रेषेवर करंगळीच्या बाजूला खळगा लागतो. तिथे अंगठ्याने दोन मिनिटे सोसेल इतका दाब द्या, मग दुसऱ्या हाताला. झोपेसाठी हाच बिंदू सर्वांत जास्त वापरतात.

काशाच्या वाटीने तळपाय घासणे आपल्या घरांत जुनेच आहे. बरे वाटत असेल तर जरूर करा. मात्र शुगरमुळे पाय बधिर असतील तर जोरात घासू नका आणि कढत पाण्यात पाय बुडवू नका, जखम झालेली कळत नाही. एकच पोटरी सुजली, दुखते आणि गरम लागते, तर तिला मालिश अजिबात नको. आत रक्ताची गुठळी असू शकते.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. कातडीला चिरा देऊन कपाने रक्त ओढणाऱ्यांकडेही जाऊ नका. आपल्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी असते.

आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणू नका. गोळी बरेच दिवस चालू असेल तर ‘आता सुई सुरू केली’ म्हणून ती एकदम बंदही करू नका, फीट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

सर्वांत भरवशाचा उपाय

अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली जुन्या निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळीचे नव्हे, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती बदलण्याच्या उपचाराचे नाव घेतले. त्यातले मुख्य नियम असे : रोज ठरल्या वेळी उठायचे, मग रात्र कशीही गेली असो. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बसायचे आणि डोळे जड झाल्यावरच परत पडायचे.

एका खोलीत सहा जण राहतात तिथे हे कसे जमायचे? अंथरूण डोळे जड होईपर्यंत घालूच नका, गुंडाळून ठेवा. उठून बसायला दाराजवळची जागा पुरते. मोबाइल हातात घेऊ नका. रातपाळी करणाऱ्या सफाई कामगारांनी दिवसा खिडकीला जाड चादर लावावी आणि घरच्यांनी तेवढे तास त्यांना हाक मारू नये.

चार आठवड्यांची वही

सुई असो, दाब असो की मालिश, सुरू करण्याआधी एक आठवडा वहीत लिहा : किती वाजता पडलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो. मग एकच उपचार निवडा आणि चार आठवडे तेच लिहीत राहा. किती पैसे खर्च करायचे तेही आधीच ठरवा. चार आठवड्यांनी पहिल्या आठवड्याशी ताडून पाहा. फरक असेल तर पुढे चालू ठेवा. नसेल तर थांबा, आणखी दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका.

एक गोष्ट आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. सुईवाल्याच्या टेबलावर बाई अर्धा तास पडते, तेव्हा तिला कोणी हाक मारत नाही, पाणी मागत नाही. घरी सगळ्यांची पाठ तीच चेपते, तिची पाठ कोणी चेपत नाही. तेवढी विश्रांती घरातच मिळाली, तर तिला पैसे पडत नाहीत. मुलांनी आणि नवऱ्यांनी रात्रीची भांडी घासावीत आणि दहा मिनिटे तिचे तळपाय चोळावेत. तेही वहीत लिहा आणि पुढच्या शिबिराला येताना वही सोबत आणा.