चावडीच्या भिंतीवरील आकडा

महाराष्ट्रातील अनेक जुन्या गावांत चावडीच्या, शाळेच्या अथवा मंदिराच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी पाटी आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती माणसे गेली व त्यांपैकी किती प्राणास मुकली, एवढाच तिचा मजकूर. दोन आकडे, नाव बहुधा एकाचेही नाही.

ही माणसे गेली कोठे? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. 'मिलिटरी' हा शब्द त्या गावाच्या नावाला कायमचा चिकटला आहे. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. कूत-अल-अमारा येथील वेढ्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सापडल्या. अन्न संपत आल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली आणि नंतरच्या कैदेतही अनेकांचा अंत झाला. बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक झाले, तेव्हा ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची पलटणवार केवळ संख्या नोंदली गेली. असा भेदभाव झाल्याचे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये मान्य करून क्षमायाचना केली.

नाव असले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर भीमाकाठच्या पेरणे येथील जयस्तंभाकडे जावे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील कंपनीच्या बाजूच्या सैनिकांची नावे त्यावर आहेत आणि त्यांतील कित्येक नावांच्या अखेरीस 'नाक' हे महार समाजातील पद दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. तो स्तंभ परकीय सत्तेने आपल्या विजयासाठी उभारला होता, हे खरेच. परंतु नावे कोरलेली होती म्हणूनच पुढील पिढ्यांना त्यावर आपला हक्क सांगता आला. गावच्या पाटीपुढे उभे राहिल्यावर ही उणीव अधिकच जाणवते.

शिक्षकांनी मुलांना पाटीपाशी न्यावे ते हार घालण्यापुरते नव्हे. प्रथम मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. अक्षरे बुजली असल्यास खिळ्याने वा पत्र्याने खरवडू नये. कागद ठेवून वर पेन्सिल हलक्या हाताने फिरविल्यास बरेचसे उमटते. मग घरोघर विचारणा व्हावी. एखाद्या पेटीत पदक असते, आणि त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली आढळते. तेवढ्या आधारावर राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदींत शोध घेता येतो. शोध मृतांपुरताच ठेवू नये. गेलेल्यांत मजूर आणि खेचरवालेही असू शकतात, आणि परतलेल्यांची आठवण तर पाटीवरच्या वजाबाकीतच दडलेली असते. अलीकडच्या युद्धांतील जवानांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारावे.

मिळालेली नावे आधारासह ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावीत. ऐकीव नाव ऐकीव म्हणूनच लिहावे. मूळ पाटीवर मात्र नव्याने काही कोरू नये, नावांचा फलक शेजारी स्वतंत्र लावावा. चावडी पाडून नवी इमारत बांधावयाची झाल्यास पाटी आधी कोठे हलवावयाची, याचा ठराव काम सुरू होण्यापूर्वीच व्हावा. राडारोड्याच्या ढिगात गेलेली पाटी पुन्हा सापडत नाही.