अडलेली म्हैस : ओढण्यापूर्वी ओळखा

भिवंडी तालुक्यात म्हशींची बरीच वेते पावसाळ्यात व त्यानंतर लगेच होतात. रात्री म्हैस अडली की शेजारचे चार गडी जमतात व दोर लावून ओढू लागतात. हा उपाय नव्हे.

नैसर्गिक प्रसूतीत प्रथम पाणमोट दिसते. मागोमाग तळवे खाली असलेले पुढचे दोन खूर व त्यांवर टेकलेले नाक येते. पाणमोट फुटल्यावर दोन तासांत रेडकू बाहेर न आल्यास म्हैस अडली असे समजावे.

परंतु म्हशीत अडण्याचे एक प्रमुख कारण असे आहे की, त्यात पाणमोट बहुधा दिसतच नाही. ते म्हणजे गर्भाशयास पडलेला पीळ. दिवस भरलेली म्हैस ऊठबस करते, वैरण टाकते, पोटाला लाथा मारते, थोड्या कळा देते आणि मग शांत होते. 'अजून वेळ आहे' असे मानून मालक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो, आणि येथेच घात होतो. पिळामुळे रक्तपुरवठा तुटून प्रथम रेडकू मरते. पुढे गर्भाशय सडून म्हैसही दगावते. पिळलेल्या फडक्याप्रमाणे आवळलेल्या त्या मार्गात ओढण्याजोगे काही हाती लागत नाही. जोर केल्यास गर्भाशय फाटते.

तबेल्यांत पान्ह्यासाठी ज्याचा गैरवापर होतो, ते ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन अशा वेळी देणे तितकेच घातक आहे. कळा वाढतात, वाट मात्र बंदच राहते. म्हशीस आडवी पाडून, कुशीवर फळी दाबून लोळविल्याने पीळ उलगडतो. पण पिळाची दिशा हात घालून तपासल्याशिवाय ठरत नाही. उलट बाजूस लोळविल्यास तो अधिकच आवळतो. म्हणून हे काम पशुवैद्यकाचेच आहे. त्यास बोलावण्यास १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

खूर व नाक दोन्ही सरळ दिसत असतील तरच मदत करावी. नखे काढून हात साबणाने धुवावेत, शक्यतो रबरी मोजे घालावेत. सांसर्गिक गर्भपाताचा रोग वार व स्रावातून माणसासही जडतो. कळ येईल तेव्हाच, दोनतीन माणसांनी, एकेक पाय आळीपाळीने, किंचित खालच्या दिशेने ओढावा. बैल वा ट्रॅक्टर कदापि जुंपू नये. त्याने अंग बाहेर पडते किंवा म्हैस मागच्या पायांनी अधू होते.

पशुवैद्यक येईपर्यंत म्हशीस कोरड्या जागी, पेंढ्याच्या जाड बिछान्यावर ठेवावे आणि पहिली कळ केव्हा आली ते लिहून ठेवावे. पशुवैद्यक प्रथम तेच विचारतो.