कळंबच्या नावातला कोकरा



इंदापूर तालुक्यातील कळंब येथे पारधी मुलांना मी इंग्रजी स्पेलिंग शिकवतो. मराठीत बहुतेक शब्द उच्चारतो तसेच लिहितो. म्हणून मुले इंग्रजीतही कानावर भरवसा ठेवतात आणि चुकतात.

‘लॅम’ म्हणजे कोकरा. स्पेलिंग एल-ए-एम-बी. हजार वर्षांपूर्वी शेवटच्या ‘बी’चा उच्चार होत असे. पुढे तो गेला, अक्षर राहिले. ‘कोम’ (कंगवा) आणि ‘क्लाइम’ (चढणे) यांचेही तसेच. असे शब्द एकत्र शिकवावेत. शब्द पाहा, मोठ्याने म्हणा, झाका, लिहा, ताडून पाहा. रोज पाच शब्द पुरेत. कळंबचे स्पेलिंग के-ए-एल-ए-एम-बी. शेवटची चार अक्षरे कोकऱ्याचीच! मुले हे विसरत नाहीत.

‘पवार’ हे आडनाव कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितात, कोणी ‘व्ही’ने. पण आधार कार्डावर एक आणि पासबुकात दुसरे असले, तर शिष्यवृत्ती अडकू शकते. म्हणून पहिला धडा स्वतःच्या नावाचा.

आपल्या मंडळीतून कोणी मुलांच्या कागदांवरील नावे ताडून पाहायला याल काय? उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. कागदावरही ते नाव नीट असावे.