लेकरू काटकुळं आहे की कुपोषित?

वस्तीत फिरताना आया आम्हाला विचारतात, "ताई, पोरगं खातं, खेळतं, तरी अंगाला का लागत नाही?" आईबाप सडपातळ असतील तर लेकरूही तसंच असू शकतं, त्यात आईचा दोष नाही. नजर लागली म्हणून दोरा बांधू नका, मोजून पाहा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा, तक्त्यावरची रेघ वर चढतेय का बघा. ६ महिने ते ५ वर्षांच्या बाळाचा दंडघेर १२.५ सेंमी तरी हवा. कमी भरला तर अंगणवाडीताईंना सांगा. ११.५ च्या खाली असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महागडी पावडर नको. अंडं, शेंगदाण्याचा कूट, वरणभातावर तेलाची धार द्या. आणि चारचौघांत त्याला 'काडी' म्हणू नका. अंगाला नाही लागलं, तरी ते मनाला लागतं.