मोठा रस्ता कसा आखतात आणि त्याला पैसे कोण देतं

आपल्या मुरगूडवरून निपाणी-राधानगरी रस्ता जातो. निपाणीला तो पुणे-बेंगळुरू महामार्गाला मिळतो. त्या महामार्गाचा नंबर आधी ४ होता, आता ४८ आहे. पण आमच्याकडं म्हातारी माणसं अजून चार नंबरच म्हणतात. हा रस्ता कसा आखतात ते गुरुजींनी भूगोलाच्या तासाला सांगितलं, ते लिहितो.

रस्ता मोठा करायच्या आधी त्यावरची वाहनं मोजतात. सात दिवस, रात्रंदिवस मोजतात. पण सगळी वाहनं सारखी धरत नाहीत. मोटारगाडी म्हणजे १. मोटारसायकल अर्धी. एसटी किंवा ट्रक ३. उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार. आणि बैलगाडी तब्बल ८! बैलगाडी हळू चालते, तिच्या मागं सगळे अडकतात, म्हणून ती आठ मोटारींची जागा खाते.

आम्ही उसाच्या हंगामात शाळेसमोर अर्धा तास मोजलं. बैलगाड्या ६, ट्रॉलीचे ट्रॅक्टर ८, मोटारसायकली ३०, एसटी २ आणि मोटारी ५. वाहनं झाली ५१. पण हिशोब केला तर ४८ + ३६ + १५ + ६ + ५ म्हणजे ११०. बिद्री आणि हमीदवाड्याच्या कारखान्याला ऊस चालू असतो तेव्हा आपला रस्ता का तुंबतो ते ह्यावरून कळतं. पावसाळ्यात मोजलं असतं तर रस्ता रिकामाच दिसला असता, म्हणून कधी मोजायचं हेपण महत्त्वाचं आहे.

कोल्हापूरला महामार्ग शहराच्या बाहेरून, शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव असा काढलेला आहे. पण शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत आलं. दोन्ही बाजूंना कारखाने, दुकानं, घरं झाली. मग लांबचे ट्रक आणि गावातल्या मोटारसायकली एकाच रस्त्यावर आल्या. म्हणून बाजूचे सेवा रस्ते आणि उड्डाणपूल लागतात. सातारा ते कागल हा चार पदरी रस्ता सहा पदरी करायचं काम त्यासाठीच काढलं.

आता पैशाचं. १९९९ साली दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडायच्या ५८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोन रस्त्याचं काम सुरू झालं. आपला महामार्ग त्यातच येतो. २००० साली कायदा झाला, त्यामुळं पेट्रोल आणि डिझेलवर घेतलेल्या उपकराचे पैसे रस्ते निधीत जातात. म्हणजे वडील मोटारसायकलीत पेट्रोल घालतात तेव्हा थोडा रस्ता आमचापण होतो! दुसरा मार्ग टोलचा. पुण्याकडं जाताना किणीला आणि बेळगावकडं जाताना कोगनोळीला नाका आहे. कधी कंपनी स्वतःचे पैसे घालून रस्ता करते आणि मग टोल गोळा करून ते वसूल करते.

कोल्हापूर शहरातले ४९ किलोमीटर रस्ते असेच केले होते, खर्च २२० कोटी धरला होता. २०१३ साली टोल चालू झाला, तो ३० वर्षं घ्यायचा होता. आपल्याच गावात भाजी आणायला जायचं तरी टोल, हे लोकांना पटलं नाही. एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्याबरोबर हजारो माणसं रस्त्यावर आली. २०१६ साली टोल बंद झाला. पण कंपनीचे पैसे सरकारला द्यावे लागले, ते लोकांच्या करातलेच. मला वाटतं लोकांना आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सगळ्यात अवघड गोष्ट पाण्याची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता कितीतरी दिवस बंद राहिला. पेट्रोल मिळेना, दूध बाहेर जाईना. २०२१ च्या जुलैत पुन्हा बंद झाला. त्या वेळी यमगर्णीलापण पाणी आलं, आणि ते पाणी आपल्या वेदगंगेचं होतं! नुसता मातीचा भराव टाकून रस्ता उंच केला तर तो बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो आणि वरच्या बाजूची शेतं बुडतात. खांबांवर पूल केला तर खालून पाणी जातं, पण त्याला पैसे लई लागतात.

माझ्या मामाचं रान महामार्गाला लागून आहे. जमीन घ्यायची असली की वर्तमानपत्रात सूचना येते आणि २१ दिवसांत लेखी हरकत देता येते. मामाच्या चार गुंठ्यांची सूचना आली तेव्हा त्यानं जमीन द्यायला नाही म्हटलं नाही. त्यानं लिहिलं की भरावाखाली मोठी मोरी ठेवा, नाहीतर उरलेल्या रानात पाणी तुंबून ऊस कुजेल. अर्ज बाराव्या दिवशी दिला. शिक्का मारलेली पोच आजीनं ट्रंकेत रेशनकार्डाच्या खाली ठेवलीय. उत्तर अजून आलेलं नाही.

— इयत्ता चौथी