परसातील कळप किती असावा?

शास्त्रपाठ : उत्पत्ति १३:१-१२, उत्पत्ति ३३:१२-१७, नीतिसूत्रे २७:२३-२७, मलाखी १:६-८

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांच्या मागे दहा-वीस कोंबड्या, एखादी शेळी, चार केळी व पालेभाजीचे दोन वाफे असतात. मिळकत बेताची आणि मुले शिकणारी, तेव्हा परसातून घराला होणारी मदत लहान नव्हे. कितीएक भगिनी अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या घेतात व मंडळीची वर्गणीही भरतात. म्हणून कोंबड्या वाढवाव्या कशा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या कमी केव्हा कराव्या व कशा कराव्या, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा प्रश्न पवित्र शास्त्र उघडून पाहण्याजोगा आहे असे मलाही पूर्वी वाटत नव्हते. घरच्या एका प्रसंगाने तो पाहावा लागला.

नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी पाच वचनांचा एक लहानसा भाग आहे. मनुष्याने आपल्या मेंढरांची स्थिती नीट जाणून घ्यावी, असा त्याचा आरंभ आहे. मूळ इब्री भाषेत तेथे जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘तोंड’ किंवा ‘चेहरा’ असा होतो. म्हणजे कळप नुसता मोजून भागत नाही. एकेका जनावराचे तोंड धन्याच्या ओळखीचे असावे लागते. याच भागाचा शेवटही पाहावा. शेळ्यांचे दूध धन्याला, त्याच्या घरच्यांना व दासींना पुरेल, एवढेच तेथे सांगितले आहे. ‘पुरेल’ या शब्दावर शिक्षकांनी वर्गात थोडे थांबावे.

आता अब्रामाकडे वळू. मिसरातून परतल्यावर अब्राम व लोट या दोघांचीही मेंढरे व गुरे इतकी वाढली होती की एका ठिकाणी दोघांचा निर्वाह होईना. भांडण उठले ते धन्यांमध्ये नव्हे, गुराख्यांमध्ये, हे लक्षात घ्यावे. कळप पेलेनासा झाला म्हणजे पहिली कुरबूर त्याची नित्य चाकरी करणाऱ्यांत होते. आपल्या घरी हे गुराखी कोण? चूल सांभाळून दाणा टाकणारी पत्नी, दुपारी घारीवर लक्ष ठेवणारी म्हातारी आई आणि शाळेला जाण्यापूर्वी खुराडे झाडणारा मुलगा. अब्रामाने ही कुरबूर ऐकली. देवानेच दिले आहे तेव्हा तोच सोय पाहील, असे म्हणून त्याने प्रश्न पुढे ढकलला नाही. त्याने कळप वेगळे केले, आणि निवडीचा पहिला मान पुतण्याला दिला.

याकोबाची गोष्ट याहून जवळची आहे. एसाव त्याला बरोबर चल म्हणतो. याकोब उत्तर देतो की मुले कोवळी आहेत, मेंढरे व गुरे पाजती आहेत, आणि एक दिवस जरी त्यांना फार दामटले तरी सगळा कळप मरून जाईल. (याकोब या प्रसंगीही पुरता सरळ वागला असे नाही. सेईरास येतो म्हणाला आणि गेला सुक्कोथास! पण जनावरांविषयी तो जे बोलला ते अनुभवाचे होते.) सुक्कोथास त्याने स्वतःसाठी घर व गुरांसाठी खोपटी बांधली. त्या खोपटांवरूनच गावाला नाव पडले.

‘एक दिवस जरी’ हे शब्द मला फार उशिरा कळले. आम्ही बेळगावजवळच्या एका खेड्यात राहतो. प्रथम सहा गिरिराज पिल्ले आणली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ही जात परसात चरून वाढते. शिवाय दोन गावठी कोंबड्या होत्या. त्या खुडूक बसल्या की त्यांच्याखाली अंडी ठेवावी, एकविसाव्या दिवशी पिल्ले निघावी, आणि आम्ही देवाचे उपकार मानावे, असे चालले होते. तीन वर्षांत संख्या त्रेचाळीस झाली. त्याच काळात मी शेळ्यांसाठी गोठा बांधायला घेतला, गांडूळखताचे दोन खड्डे केले, मधमाश्यांची पेटी आणली, शेवगा लावला. शनिवारी संध्याकाळी उपदेशाची तयारी करायची ती सोडून मी कुंपणाला तार ओढीत असे. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते. पिल्ले धरून आमच्याकडे रोज चार किलोच्या आसपास दाणा लागू लागला, कारण परसातले किडे व गवत इतक्यांना कोठून पुरणार? अंड्यांचा पैसा सौ.चा होता. कळप वाढवण्याचा हट्ट माझा होता, आणि दाण्याचा खर्च मात्र तिच्या डब्यातून जाऊ लागला.

लशीच्या तारखा मी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिल्या होत्या. राणीखेत रोगावर लासोटाची थेंबाची लस पहिल्या आठवड्यात, पुन्हा महिन्याच्या सुमारास, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचण्याची लस द्यायची असते. शेवटच्या दोन खेपांच्या पिल्लांना मी एकही दिली नव्हती, कारण पावसाआधी गोठ्यावर पत्रे चढवायचे होते. मे महिन्यात हिरवट-पांढरी हगवण सुरू झाली, मग धापा, मग मान पिळवटणे. आमच्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात ते यावरूनच. आठ दिवसांत एकोणीस पक्षी गेले. त्यांत बहुतेक पिल्ले व तलंगाच होत्या.

तिसऱ्या दिवशी एका शेजाऱ्यांनी आपुलकीने सल्ला दिला, “मास्तर, मरायच्या आत बाजार दाखवा.” असा सल्ला खेडोपाडी सर्रास दिला जातो व पाळलाही जातो, आणि रोग या गावातून त्या गावात पोचतो तो बहुधा अशाच पाटीतून. मी बऱ्या दिसणाऱ्या बारा कोंबड्या पाटीत घालून वर जाळी बांधली. सौ. दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “अहो, ह्या कोणाच्या परसात जाणार?” मी जाळी सोडली. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. जाळी बांधणारे हात माझेच होते, आणि त्या रविवारी शेजाऱ्यावरील प्रीतीवर उपदेश करण्याची पाळीही माझीच होती.

मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना घालून पुरले. खुराड्यातले जुने तूस जाळले, भिंतींना चुना दिला, आणि पशुवैद्यांनी हरकत नाही म्हणेपर्यंत एकही पक्षी घराबाहेर जाऊ दिला नाही. मग कळप कमी करायला बसलो. चोवीस उरले होते. रोगाने अर्धे काम केलेच आहे, आता आणखी कमी कशाला, असे मुलगा म्हणाला. परंतु त्या चोवीसांतही मला ओळखता येत होत्या जेमतेम दहा.

कोंबड्या अंधार पडल्यावर शांत असतात. बॅटरी घेऊन एकेक उचलून पाहिली. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लाल व भरदार असतो, अंड्याचे द्वार रुंद व ओलसर असते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकांमध्ये दोन-तीन बोटे मावतात. अंडी बंद असतील तर एक बोट कसेबसे मावते. पिवळ्या पायांच्या जातीत सतत अंडी देणारीचे पाय फिके पडतात, म्हणून पिवळेधमक पाय पाहून भुलू नये. मात्र पिसे झडण्याच्या दिवसांत चांगली कोंबडीही अंडी थांबवते. त्या दिवसांत हा निवाडा करणे म्हणजे आजाऱ्याला आळशी ठरवणे होय. आमच्याकडे अंड्यावर असलेल्या तेरा निघाल्या, बंद सहा, आणि कोंबडे पाच. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. पिल्ले काढायची नसून नुसती खाण्यापुरती अंडी हवी असतील तर एकही लागत नाही. हे अनेकांना खरे वाटत नाही, पण खरे आहे.

नको असलेले कोठे द्यायचे, हा यापुढचा प्रश्न, आणि येथेच मलाखी आपल्या दाराशी उभा राहतो. आंधळे, लंगडे व रोगी पशू वेदीवर आणणाऱ्या याजकांना तो विचारतो की हेच तुम्ही आपल्या सुभेदाराला नेऊन दिले तर तो प्रसन्न होईल काय? आपल्या कापणीच्या सणाला लोक कोंबड्या आणतात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. अंडी न देणारी कोंबडी खपवायला याहून सोपी जागा नाही, आणि तो विचार माझ्या मनात आला होता. मंडळीतील एका विधवा भगिनीने दोन कोंबड्या मागितल्या होत्या, तेव्हाही बंद असलेल्याच प्रथम हाताला लागल्या. शेवटी अंड्यावर असलेल्या दोन तिला दिल्या व तशीच एक सणासाठी राखली. बंद असलेल्या पाच आणि चार कोंबडे मांसाच्या भावाने विकले, आणि अंडी नाहीत हे तोंडाने सांगून विकले. घेणाऱ्याने भाव आणखी पाडला, तोही सोसला.

आता दहा कोंबड्या, एक कोंबडा, आणि मुलीची एक म्हातारी गावठी कोंबडी अशी बारा तोंडे आहेत. म्हातारी अंडी देत नाही. तिला का ठेवले, याला नीतिसूत्रे १२:१० पलीकडे माझ्याजवळ आधार नाही. आणि ते वचनही खाऊ नका असे सांगत नाही, हे मी जाणतो. मधाची पेटी दुसऱ्या एका बंधूकडे गेली, खताचा एक खड्डा बुजवला. शेळ्या आहेत.

लहान कळपाची एक अडचण सांगितली पाहिजे. लशीची बाटली बहुधा शंभर मात्रांच्या खाली मिळत नाही, ती बर्फात आणावी लागते, व एकदा मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. बारा पक्ष्यांसाठी कोण धावपळ करणार, असे म्हणून ती राहून जाते. आमच्या गल्लीतील सहा घरे, त्यांत दोनच ख्रिस्ती, आता एकाच सकाळी पिल्लांना लस देतात.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हा पाठ योहान १०:३ बरोबर घ्यावा, आणि मुलांना घरी किती जनावरे आहेत हे न विचारता ती कोणकोणती आहेत हे विचारावे. प्रत्येकाचा रंग, खोड, बसण्याची जागा सांगू द्यावी. शहरातील वर्गात गल्लीतील कुत्री-मांजरेही चालतील. आमच्या वर्गात एका मुलाने बावीस कोंबड्या असल्याचे मोठ्या अभिमानाने सांगितले, पण वर्णन चौघींचेच करता आले. पुढच्या रविवारी तो नऊ जणींची यादी घेऊन आला. त्यांतील एक डाव्या पायाने लंगडते आणि हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, असे तो म्हणाला. वर्ग सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. तिच्या तळव्यात काटा रुतून गाठ झाली होती. आईने पाणी तापवले, आणि त्याने कोंबडी मांडीवर धरली.